क्लाउड कम्प्युटिंग : व्यवसायांसाठी फायदे आणि धोके

क्लाउड कम्प्युटिंग म्हणजे सर्व्हर, साठवणीची जागा आणि सॉफ्टवेअर स्वतः विकत न घेता दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधून इंटरनेटद्वारे भाड्याने वापरण्याची व्यवस्था. वापर जेवढा, बिल तेवढे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येत क्लाउडचे तीन सेवाप्रकार येतात : नुसती यंत्रणा, ॲप उभारण्यासाठी तयार मंच आणि थेट वापरायचे सॉफ्टवेअर. मासिक वर्गणी भरून ऑनलाइन हिशेब ठेवणारा दुकानदार तिसऱ्या प्रकारात मोडतो.

ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणीची एस-३ आणि सर्व्हर भाड्याने देणारी ईसी-२ या सेवा सुरू केल्या, तेव्हापासून हा व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहिला. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नईत आली, ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात. ऐरोली, महापे परिसरात डेटा सेंटरांची दाटी होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा भांडवलाचा. सर्व्हर खोली, वातानुकूलन, जनरेटर आणि ते सांभाळणारी माणसे यांवर आधीच पैसा अडकत नाही. दुसरा फायदा लवचीकतेचा. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होतो आणि लाखो घरांतून एकाच वेळी संकेतस्थळ उघडले जाते. त्या काही तासांसाठी वर्षभर सर्व्हर बाळगणे कोणालाच परवडणारे नाही. विश्वासार्हताही बहुतेकांच्या बाबतीत वाढते. २००८ मध्ये, टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याच्या काळात, नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनी क्लाउडकडे वळली आणि २०१६ च्या सुरुवातीला तिचे स्थलांतर पूर्ण झाले.

मात्र यंत्र दुसऱ्याचे झाले म्हणून जबाबदारी दुसऱ्याची होत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ या गैरसमजात सापडते. सेवादाता इमारत, वीज आणि यंत्रे सांभाळतो. कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा, माहिती कशी बंदिस्त ठेवायची, हे ग्राहकाने ठरवायचे असते. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या फायरवॉलची (घुसखोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) रचना चुकीची राहिली आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. ८ कोटी डॉलरचा दंड बँकेला झाला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भूमिकाही हीच आहे : प्रक्रियेचे काम बाहेर दिले तरी उत्तरदायी मूळ व्यवसायच, आणि सुरक्षेत हलगर्जी झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

माहितीची प्रत कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतः विचारायला हवा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांच्या बॅकअपच्या प्रतीही तिथेच होत्या, त्यांची माहिती कायमची गेली. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे खाजगी, म्हणजे फक्त त्याच्यासाठी राखलेले, क्लाउड गूगलच्या बाजूने झालेल्या चुकीमुळे पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सदस्यांना आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत, पण निधीने एक बॅकअप दुसऱ्या कंपनीकडेही ठेवला होता. सेवा पुन्हा उभी करताना तो कामी आला. दुसरीकडे प्रत ठेवण्याचा खर्च छोट्या व्यवसायाला टोचतो हे खरे, तरी काटकसर करायची ती इथे नव्हे.

अनेकांचा भार एकाच खांद्यावर असणे हा वेगळा धोका. जुलै २०२४ मध्ये सी-एज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांची, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकांची, पेमेंट सेवा खंडित झाली. तर जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या गुजरातेत तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीवर निर्बंध लावल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसह काही सेवा बंद केल्या. पैसे भरलेले, परवाने वैध, माहिती स्वतःची; तरी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या, पण परदेशी सेवेवरचे अवलंबित्व राजकारणापासून अलिप्त नसते हे भारतीय उद्योगांना इतक्या उघडपणे क्वचितच दिसले होते.

खर्चाचे गणितही कायम क्लाउडच्या बाजूने राहत नाही. काम स्थिर आणि मोठे असेल तर भाडे मालकीपेक्षा महाग पडू शकते. लोकांच्या फाइली ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीने याच हिशेबाने आपली बहुतांश साठवण ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रणेत हलवली आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. अशी हलवाहलव सर्वांना जमत नाही, कारण माहिती बाहेर काढण्याचे शुल्क आणि त्या कंपनीच्याच साधनांवर बेतलेले सॉफ्टवेअर वाट अडवतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार बँकांना तंत्रसेवा बाहेर देतानाच त्यातून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवावी लागते. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून सेवादाता बदलणाऱ्या ग्राहकाकडून स्थलांतराचे शुल्क घेता येणार नाही.