लहान विमानतळ : सुरक्षा आणि मोकळीक

वेळापत्रकाची प्रवासी विमाने आणि लष्करी उड्डाणे सोडून जे काही उडते, त्याला जनरल एव्हिएशन म्हणतात. वैमानिकांचे प्रशिक्षण, खासगी व भाड्याची विमाने, रुग्ण नेणारी विमाने, पुढाऱ्यांची हेलिकॉप्टर हे सगळे त्यात आले. अशी उड्डाणे ज्या लहान धावपट्ट्यांवरून होतात, तिथे राखण किती कडक असावी आणि उडणाऱ्यांना व शेजारच्या गावाला मोकळीक किती असावी, हा या नोंदीचा विषय. विदर्भात बिरसी (गोंदिया), बेलोरा (अमरावती), शिवणी (अकोला), मोरवा (चंद्रपूर) आणि यवतमाळ ही अशा विमानतळांची ठळक नावे. आजही गावकऱ्यांच्या तोंडी शब्द आहे तो 'हवाईपट्टी'.

मराठीत सुरक्षा आणि सुरक्षितता हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. विमानतळावर मात्र ही दोन वेगळी खाती आहेत. धावपट्टीवर रोही (नीलगाय) आडवा आला तर तो सुरक्षिततेचा प्रश्न. हँगरमधले विमान अनोळखी माणसाने काढून नेले तर सुरक्षेचा. पहिल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय पाहते, दुसऱ्याकडे नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरो. गावाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही खात्यांचे उत्तर एकच असते : कुंपण.

जगात या वादाला धार आली ती 11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर. हल्लेखोरांपैकी काहींनी फ्लोरिडातल्या उड्डाणशाळांत विमान चालवायला शिकून घेतले होते. पुढे जानेवारी 2002 मध्ये फ्लोरिडातल्याच टँपा शहरात 15 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने परवानगीशिवाय सेस्ना 172 उडवले आणि एका उंच इमारतीवर आदळवले. त्यात तो स्वतः गेला, इमारतीतले कोणी दगावले नाही. हे चार आसनी विमान भरल्या टाकीनिशी जेमतेम 1,100 किलोचे; आपल्याकडच्या लहान मोटारीएवढे. तिथल्या वैमानिकांच्या संघटनेचा मुद्दा तोच होता : एवढ्याशा विमानासाठी मोठ्या विमानतळाचे नियम कशाला? अमेरिकेत लहान विमानतळांवर तपासणीची यंत्रे आली नाहीत. 2004 मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एकमेकांच्या विमानांवर लक्ष ठेवण्याचे काम बरेचसे वैमानिकांवरच सोपवले. जर्मनीने दुसरा रस्ता धरला. 2003 मध्ये फ्रँकफर्टवर एकाने पळवलेले मोटरग्लायडर घिरट्या घालत राहिले; त्यानंतर 2005 च्या कायद्याने खासगी वैमानिकांची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले. त्याच कायद्यातले, पळवलेले प्रवासी विमान पाडण्याचे कलम तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2006 मध्ये रद्द केले.

भारतातली गोष्ट वेगळी आहे, कारण आपल्याकडची धास्ती प्रवासी विमानांच्या अपहरणांतून आणि घातपातांतून आली. सुरक्षा ब्युरोची सुरुवात 1978 मध्ये महासंचालनालयातला एक कक्ष म्हणून झाली. एअर इंडियाच्या कनिष्क विमानाच्या 1985 मधल्या घातपातानंतर 1987 मध्ये तो स्वतंत्र विभाग झाला. 1999 च्या कंदाहार अपहरणानंतर, 2000 पासून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांवर येऊ लागले. आकाशातून आलेल्या घातपाती सामानाचे आपले मोठे उदाहरण म्हणजे पश्चिम बंगालमधले पुरुलिया. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री तिथे एका परदेशी मालवाहू विमानातून शस्त्रे टाकली गेली. ते विमान कुठल्या ओसाड पट्टीवरून उडाले नव्हते. वाराणसीला रीतसर उतरून, इंधन भरून पुढे गेले होते. लहान पट्ट्यांकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या खासगी वैमानिकाला अमेरिकन वैमानिकाएवढी मोकळीक कधीच नव्हती. मनात आले म्हणून विमान काढले आणि दुसऱ्या जिल्ह्यात उतरले, असे इथे चालत नाही. फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई संरक्षणाची मंजुरी म्हणजे एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय विदर्भाच्या खेड्यात स्वतःचे विमान असलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. त्यामुळे मोकळीक जाते ती वैमानिकाची कमी आणि पट्टीला लागून वावर (शेत) असलेल्या शेतकऱ्याची, गायक्याची (गुराख्याची) आणि भरतीवाल्या पोरांची जास्त.

वापरात नसलेली हवाईपट्टी म्हणजे गावाला मिळालेले सपाट अंगण. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले तिथे धावतात. मुलांसाठी 1,600 मीटरची दौड असते. पट्टी 1,400 मीटरची असेल तर टोकाला वळून 200 मीटर मागे यायचे, तिथे कुणीतरी चप्पल ठेवून खूण केलेली. दुपारी डांबरावर वाळवण पडते, संध्याकाळी कुणी मोटरसायकल शिकतो. ढोरं या बाजूच्या पडीतून त्या बाजूच्या नाल्यावर पाण्याला जातात, तीही पट्टी ओलांडूनच. मग एक दिवस प्रशिक्षणाचे विमान यायचे ठरते, तारेचे कुंपण पडते, त्याची भिंत होते, आणि दोन मिनिटांच्या वावराला दोन किलोमीटरचा वळसा बसतो. भिंतीला कुठे ना कुठे खिंडार पडते ते बहुधा या वळशापायीच. चोर त्यातून क्वचितच येतो. येतात रोही आणि रानडुकरे. तूर फुलोऱ्यात आली की त्यांना भिंतीच्या आतले गवत आणि बाहेरचे पीक दोन्ही हवे असते.

या बाबतीत बिरसीचा अनुभव सर्वांत जुना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही पट्टी बांधली; पुढे तिथे मोठी उड्डाण प्रशिक्षण संस्था आली आणि गाव विमानतळाच्या अंगाला चिकटून राहिले. तिथल्या घरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न बरीच वर्षे रेंगाळला. इथे प्रस्तुत लेखकाचे मत नोंदवतो : ज्या गावाचे पुनर्वसनाचे पैसे थकले आहेत, ते गाव विमानतळाची राखण करत नाही. एरवी लहान विमानतळाला गावाएवढा चांगला पहारेकरी मिळत नाही. शेतात जागलीला बसलेल्या माणसाला रात्री अनोळखी गाडीचा दिवा कुंपणावरच्या शिपायाच्या आधी दिसतो. तो फोन करील की नाही, हे दिवसा त्याला फाटकावर कसे बोलले गेले यावर असते.

भिंतीच्या बाहेरही नियम पोचतात. 1937 च्या विमान नियमांतला नियम 91 विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापायला व पक्षी ओढून आणणारी घाण टाकायला मनाई करतो. परिसरात उंच बांधकाम करायचे तर ना हरकत लागते. मोरव्याला तर उलटेच घडले. औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी जवळ असल्याने विमानतळच वाढवता येईना, आणि नवा विमानतळ राजुऱ्याकडे मूर्ती-विहीरगावला योजावा लागला.

बिरसीहून 2022 मध्ये आणि बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी विमाने सुरू झाली, तसा तोल बदलला. तिकिटाचा प्रवासी आला की सामानाची तपासणी, ओळखपत्र, सशस्त्र पहारा ओघानेच येतो. बेलोऱ्याला मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्थाही ठरली आहे. त्यामुळे एकाच पट्टीवर सत्तरेक आसनांचे एटीआर प्रवासी विमान आणि शिकाऊ पोराचे लहान विमान अशी सांगड पडणार. शिकाऊ पोराला दिवसातून चार वेळा हँगरात जावे लागते. त्याला प्रवाशांच्याच रांगेत उभे केले तर उड्डाणाचे तास बुडतात, आणि वेगळे फाटक दिले तर ते कोणी सांभाळायचे हा प्रश्न उरतो.

अलीकडे फवारणीचे ड्रोन आले. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत उडवायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. त्याच्या आत असेल तर आधी सरकारी डिजिटल नकाशा पाहावा लागतो. फवारणीचा ड्रोन पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेंड्यावरून माणसाच्या उंचीवर फिरतो. तरीही नियमातला 'चालू' हा शब्द महत्त्वाचा, कारण पट्टी वर्षानुवर्षे बंद असते आणि ती पुन्हा चालू झाल्याचे शेजारच्या शेतकऱ्याला कागदावरून कळत नाही, डोक्यावरून विमान गेल्यावर कळते.