हरलेल्यालाही मान्य होईल अशी पद्धत

राजकारणावरचा विश्वास उडाला, असे आपण सहज म्हणतो. पण सत्तेवरचा विश्वास मुळात कशावर टिकतो? टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शिकागोतील दीड हजारांहून अधिक रहिवाशांना पोलीस आणि न्यायालयांविषयीचे अनुभव विचारले. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, यापेक्षा आपले म्हणणे ऐकून घेतले गेले का, नियम सर्वांना सारखाच लावला का आणि आपल्याला मानाने वागवले का, यांवर लोकांचे मत अधिक अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. राजकारणाच्या दृष्टीने मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक निर्णयात कोणीतरी हरतेच, आणि व्यवस्थेची कसोटी त्या हरलेल्याच्या मनात लागते.

म्हणूनच केवळ गैरप्रकारांना आळा घालणारी सुधारणा अपुरी पडते. खर्चाच्या भत्त्यांचा घोटाळा उघडकीस आल्यावर ब्रिटनने २००९ मध्ये कायदा करून खासदारांच्या भत्त्यांचा कारभार स्वतंत्र संस्थेकडे सोपवला. ते आवश्यकच होते, पण त्याने नागरिकाचे म्हणणे कोणाच्या कानी पडले नाही.

आयर्लंडने वेगळी वाट धरली. गर्भपाताच्या ज्या प्रश्नाला हात घालायला राजकीय पक्ष वर्षानुवर्षे कचरत होते, तो २०१६ मध्ये नागरिक सभेपुढे ठेवला गेला. वय, लिंग आणि प्रदेश यांचे प्रमाण राखून यादृच्छिक पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक आणि अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय, अशी तिची रचना होती. सदस्य पाच शनिवार-रविवार गोल टेबलांभोवती बसले, त्यांनी डॉक्टरांपासून दोन्ही बाजूंच्या प्रचारकांपर्यंत अनेकांचे म्हणणे ऐकले, प्रश्न विचारले आणि अखेरीस गुप्त मतदान केले. शिफारशी संसदेच्या समितीकडे गेल्या आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मते गर्भपातावरची राज्यघटनेतील बंदी उठवण्याच्या बाजूने पडली. उरलेल्या तिसऱ्या हिश्शाला निकाल रुचला नसेल, पण तो कसा घडत गेला हे त्यांना पाहता आले होते.

मात्र ऐकून घेण्याचे नुसते आश्वासन उलटूही शकते. फ्रान्समध्ये हवामानबदलावर विचार करायला बसलेल्या १५० नागरिकांना राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी त्यांचे प्रस्ताव काटछाट न करता पुढे नेण्याचा शब्द दिला होता. पुढे प्रस्ताव सौम्य होत गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत, सरकारने आपल्या प्रस्तावांची कितपत दखल घेतली, याला त्याच नागरिकांनी गुण दिले: दहापैकी सरासरी ३.३.