पाठ वर, डोके खाली: नामिबच्या पहाटेचे पाणी

नामिबियातील गोबाबेब हे वाळवंट-संशोधन केंद्र अटलांटिकच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर आत, कुइसेब नदीच्या बहुतेक काळ कोरड्या असणाऱ्या पात्रालगत वसले आहे. पात्राच्या दक्षिणेला वाळूच्या उंच टेकड्या आहेत, तर उत्तरेला खड्यांचा सपाट माळ. येथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी माणदेशातही याच्या कित्येक पट पडतो. तरीही उजाडण्यापूर्वी या टेकड्यांवर फिरायला निघालेल्या प्रवाशाचे कपडे एखाद्या पहाटे दमट होतात आणि चष्म्याच्या काचेवर थेंब जमतात.

हे पाणी समुद्रावरून येते. किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणारा बेंग्वेला प्रवाह थंड असल्यामुळे त्यावरची हवाही थंड व जड राहते आणि वरच्या उष्ण थराखाली अडकून पडते. तिला उंच चढून पावसाचे ढग बनवता येत नाहीत. मात्र तिच्यातील बाष्पाचे धुके होते आणि वारा ते रात्रीतून आत लोटतो. पाऊस अडवणारा आणि धुके पाठवणारा प्रवाह एकच, ही यातली गंमत. दिवस वर आला की धुके विरते आणि दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापू शकतो, तेव्हा पाणी गाठायचे तर पहाटेच.

ओनिमॅक्रिस उन्ग्विक्युलॅरिस हा काळा भुंगेरा नेमके हेच करतो. एरवी तो दिवसा हिंडतो आणि रात्री वाळूत दडून राहतो. पण धुक्याच्या पहाटे, अंग गारठलेले असतानाही, तो बाहेर येऊन टेकडीचा माथा गाठतो, वाऱ्याकडे तोंड करतो, डोके खाली घालतो आणि पाठ उंचावतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत तोंडाशी येतात. विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी १९७६ मध्ये हे वर्तन ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात नोंदवले. त्याच सुमारास त्यांनी लेपिडोकोरा या चपट्या भुंगेऱ्यांची युक्तीही मांडली: ते धुक्याच्या वाऱ्याला आडवे असे वाळूत बारीक चर खणतात आणि चरांच्या कडांवर साचलेला ओलावा शोषून घेतात.

पुढे २००१ मध्ये अशाच एका भुंगेऱ्याच्या पाठीवरील उंचवटेच धुक्याचे पाणी पकडतात असे सांगणारा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि धुके पकडणाऱ्या कृत्रिम पृष्ठभागांची कल्पना जगभर गाजली. अभियांत्रिकीला त्यातून पुष्कळ मिळाले, पण जीवशास्त्राची बाजू मात्र विस्कटली. २०१० मधील एका तुलनात्मक अभ्यासात खडबडीत, उंचवट्यांच्या पाठीचा स्टेनोकारा हा भुंगेरा धुक्यात तसा उभा राहिलाच नाही. उभा राहिला तो तुलनेने गुळगुळीत पाठीचा ओनिमॅक्रिस. म्हणजे पाठीच्या नक्षीपेक्षा जागा, वेळ आणि अंगाची ठेवण यांनाच अधिक महत्त्व द्यावे लागते. उंचवट्यांची गोष्ट आजही जशीच्या तशी सांगितली जाते, हे खटकते.

बाकीच्यांच्या रीती निराळ्या आहेत. पेरिंग्वे नावाचा छोटा विषारी साप अंगावरच्या खवल्यांवर साचलेले थेंब चाटतो. स्टिपाग्रोस्टिस सॅब्युलिकोला या गवताच्या पात्यांवरून निथळलेले पाणी वाळूच्या वरच्या थरात दूरवर पसरलेली त्याचीच मुळे उचलतात. भुंगेऱ्यांच्या बहुतेक जाती तर माथ्यावर जातच नाहीत. वाऱ्याने आणून टाकलेला, धुक्याने दमट झालेला काडीकचरा खाऊन त्यातूनच त्या पाण्याची बरीचशी गरज भागवतात.