छेदात कोण आहे? हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का आणि शाळेच्या नोंदी

अमेरिकेत किती मुले हायस्कूल (नववी ते बारावी) पूर्ण करतात, या प्रश्नाला अनेक वर्षे एकच उत्तर नव्हते. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि पॉल लाफाँटेन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले, की कोणती आकडेवारी आणि कोणती व्याख्या धरली यानुसार हे प्रमाण ६६ टक्क्यांपासून ८८ टक्क्यांपर्यंत कुठेही सांगितले जात होते. वरच्या आकड्यांत जीईडी ही समकक्ष परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवणारेही धरलेले असत आणि तुरुंगातील तरुण पाहणीच्या बाहेरच राहत. या तफावतीत लाखो मुले येतात.

राज्यांच्या गव्हर्नरांनी २००५ साली समान पद्धतीचा करार केला आणि केंद्रीय शिक्षण खात्याने ऑक्टोबर २००८ मध्ये त्यासाठी नियम काढला. त्यानुसार २०१०-११ या शैक्षणिक वर्षापासून राज्ये एकाच सूत्राने हिशेब देऊ लागली. नववीत पहिल्यांदा दाखल झालेल्या मुलांचा एक गट धरायचा; पुढील चार वर्षांत बाहेरून आलेली मुले त्यात मिळवायची; दुसऱ्या शाळेत गेलेली, देश सोडून गेलेली आणि मृत्यू पावलेली मुले वजा करायची; आणि चार वर्षांत नियमित डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, मिळवणाऱ्यांच्या संख्येला या सुधारित गटाच्या संख्येने भागायचे. जी मुले शाळाच सोडून देतात, ती मात्र वजा होत नाहीत, छेदातच राहतात. प्रत्येक मूल देशातल्या कोणत्या तरी एका शाळेच्या छेदात, आणि एकाच शाळेच्या छेदात असले पाहिजे, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य आहे.

समजा, एका शाळेच्या नववीत १०० मुले होती, नंतर १२ आली, १८ गेली आणि ८० जणांना डिप्लोमा मिळाला. छेद ९४ आणि प्रमाण ८५.१ टक्के. आता गेलेल्या १८ जणांपैकी फक्त १० जणांबाबत लेखी पुरावा आहे असे धरले, तर उरलेली आठ मुले छेदात परत येतात, छेद १०२ होतो आणि प्रमाण ७८.४ टक्क्यांवर उतरते. वर्गात शिकवणाऱ्याने काहीही वेगळे केलेले नाही. आठ कागदांनी जवळजवळ सात टक्क्यांचा फरक पाडला. म्हणूनच हा आकडा जितका वर्गात घडतो, तितकाच शाळेच्या कार्यालयात नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर घडतो, आणि त्या कामाला मिळायला हवा तो मान मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरावा कोणता चालतो, हेही ठरवून दिलेले आहे. मूल दुसऱ्या शाळेत गेले असेल तर नव्या शाळेने त्याचे रेकॉर्ड मागवल्याचे पत्र किंवा तिथल्या अधिकाऱ्याने प्रवेशाला दिलेला दुजोरा फाइलमध्ये लागतो. ‘ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले’ एवढे शेजाऱ्याचे सांगणे पुरत नाही. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला पालक स्वतः घेऊन जातात. तिथे भरवसा नव्या शाळेकडून उलट येणाऱ्या मागणीवर असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर न परतलेल्या मुलाचा शोध म्हणूनच सर्वांत कठीण ठरतो, कारण ती मागणी कधी उशिरा येते आणि कधी येतच नाही. बहुतेक राज्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे राज्यांतर्गत बदल संगणकावर सापडतो. परंतु विद्यार्थ्यांची देशव्यापी नावनिशीवार नोंद ठेवायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की पुन्हा पत्रव्यवहारच करावा लागतो.

नोंदीतली चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते, पण मोह मात्र एकाच दिशेचा असतो. डिप्लोमा न मिळवणारे मूल छेदातून काढले की टक्का वाढतो. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या शार्प्सटाउन हायस्कूलमध्ये २००१-०२ या वर्षी चारशे साठहून अधिक विद्यार्थी शाळा सोडून गेले असताना गळती शून्य दाखवली गेली होती. त्यांच्या नावांपुढे इतर कारणांचे संकेतांक लावलेले होते. पुढे राज्याने त्या शहरातील १६ शाळांच्या सुमारे ५,५०० नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले गळती म्हणून नोंदवायला हवी होती, असे आढळले. ही घटना नव्या सूत्राच्या आधीची आहे. लेखी पुराव्याची सक्ती किती आवश्यक होती, हे तिच्यावरून कळते.

सक्ती आल्यावरही प्रश्न संपले नाहीत. केंद्रीय शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी (खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हिशेबावर आक्षेप घेतला, कारण नियमित डिप्लोमा न देणाऱ्या प्रौढशिक्षण वर्गांकडे गेलेली मुलेही तिथे छेदातून वगळली गेली होती. अंशातही गफलत होते. अलाबामाचे प्रमाण २०१०-११ मधील ७२ टक्क्यांवरून २०१४-१५ मध्ये ८९ टक्क्यांवर गेले, पण विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा व्यावसायिक डिप्लोमा नियमित नसतानाही मोजला गेल्याचे पुढे उघड झाले. वॉशिंग्टन शहरात तर हजेरीच्या नोंदींनीच पोल उघडले: २०१७ साली उत्तीर्ण झालेल्या २,७५८ विद्यार्थ्यांपैकी ९३७ जणांना, म्हणजे ३४ टक्क्यांना, गैरहजेरीचे किंवा इतर नियम डावलून डिप्लोमा दिल्याचे चौकशीत दिसले. देशाचे प्रमाण २०१०-११ मधील ७९ टक्क्यांवरून २०१८-१९ मध्ये ८६ टक्क्यांवर पोहोचले आहे. ही वाढ सगळीच खोटी आहे असे या उदाहरणांवरून म्हणता येत नाही. मात्र तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे खालच्या नोंदी किती चोख आहेत यावर ठरते. शिवाय २०१५ च्या कायद्यानुसार एक तृतीयांश किंवा अधिक विद्यार्थी हायस्कूल पूर्ण करत नसतील, तर ती शाळा विशेष मदतीसाठी निवडली जाते. खोट्या टक्क्यामुळे ही मदत चुकली, तर तोटा त्याच शाळेतल्या मुलांचा होतो.

अमेरिकेतून मध्येच पुण्याला किंवा नागपूरला परतणाऱ्या मराठी कुटुंबांचाही या हिशेबाशी संबंध येतो. देश सोडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी परदेशी शाळेचे अधिकृत पत्र आवश्यक नाही. पालकांनी सांगितल्याची लेखी नोंद शाळेने फाइलला लावली तरी चालते. पण काहीच न कळवता कुटुंब निघून गेले आणि शाळेला दुसरा कोणता पुरावा मिळाला नाही, तर ते मूल पुण्यात बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले तरी तिकडच्या शाळेच्या छेदात तसेच राहते आणि डिप्लोमा न मिळवणाऱ्यांत मोजले जाते. निघण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयाला तारखेसह दोन ओळींचा ईमेल पाठवला, तर ही चूक टळते.