लढाईत दुधाची जमीन घ्यायची म्हणताय? जरा मागचं बघूया

माझ्या मावसभावाला मुरबाडकडे सहा एकर जमीन दाखवलीय, म्हशी ठेवायला. एजंटचं म्हणणं असं की जगभर लढाया चालूयत, शेअरचा भरवसा नाही, सोनं आवाक्याबाहेर गेलं, पण दूध लोकं पिणारच, तेव्हा गोठ्याची जमीन घेऊन ठेवा. भाऊ गोरेगावला वन बीएचकेत राहतो, त्याला हे पटलंय. मी नको म्हणालो नाही, पण हा हिशोब मुंबईच्या आसपास एकदा मांडून झालाय, ८० वर्षांपूर्वी, आणि त्याचं पुढे काय झालं ते त्याला माहीत असावं म्हणून एवढं लिहायला बसलो.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची मुंबई डोळ्यासमोर आणा. बंदरात फौजेची ये-जा, गिरण्या रात्रंदिवस चालू, लोकं कामाला येतायत आणि मे १९४३ पासून रेशनिंग. चाळीच्या भाड्यावर सरकारने लगाम घातलेला, पुढे १९४७ च्या कायद्याने तर १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलं. म्हणजे चाळ बांधून भाडं खायचं हा पैसेवाल्यांचा जुना मार्ग जागच्या जागी थांबला आणि त्याच वेळी धान्य, दूध, वैरण सगळं वर चाललेलं. अशा वेळी जमीन चांगली वाटणारच, त्यात नवल काय.

आता दुधाचं बघा. तेव्हा तबेले शहरातच होते, अगदी वस्तीत. म्हैस गुजरातकडून, पंजाबकडून दुभती आणायची, आटली की शहरात भाकड जनावर पोसणं परवडत नाही म्हणून बरीचशी थेट कसायाकडे, आणि रेडकं तर जगवतच नव्हते. चांगल्या जातीच्या म्हशींची दरवर्षी अशी नासाडी व्हायची, वाचताना वाईट वाटतं. पण मुद्दा असा की तबेलेवाल्याकडे जमीन अशी नव्हतीच, होती ती शेड, फरशी आणि पाण्याची टाकी. माझ्या लहानपणी जोगेश्वरीच्या तबेल्यात किटली घेऊन जायचो तेव्हा दारात ओल्या गवताचे भारे पडलेले असायचे, पाणी निथळत असायचं, आणि हे गवत येतं कुठून हे मी कधी विचारलंच नाही.

मुंबईच्या जनावरांची वैरण मोठ्या प्रमाणात ठाणे जिल्ह्यातून यायची. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात माळरानंच्या माळरानं गवताची, मालकी जमीनदार-सावकारांची आणि कापायला तिथले वारली आदिवासी. दुधाची खरी जमीन म्हणाल तर ही. लढाईच्या काळात गवताला गिऱ्हाईक पक्कं, भाव चांगला, मालकाला बसल्या जागी पैसा, आणि कापणाऱ्याच्या हातात मात्र जवळजवळ काहीच नाही, शिवाय वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी वेगळेच. मे १९४५ मधे किसान सभेची, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेची, तलासरीजवळ झरीला परिषद झाली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथे काम करत होते, वेठ बंद करायचं ठरलं. मग ऑक्टोबरमधे गवत कापणी तोंडावर आली तेव्हा वारल्यांनी मागणी केली की ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या नाहीतर विळा उचलणार नाही. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर, एवढ्याचे अडीच रुपये, बास एवढंच मागणं होतं. तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर चारजण गेले. संप मोडला नाही. आपण ज्याला दुधाचा भाव म्हणतो त्यात ही माणसं पण आहेत आणि त्यांचं नाव मुंबईत फारसं कोणी घेत नाही याचं मला मनापासून दुःख होतं.

त्याच वर्षी, १९४५ ला, सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. खेडा जिल्ह्यातलं दूध आणंदहून ४०० किलोमीटरच्या आसपास रेल्वेने मुंबईला आणायचं आणि ते गोळा करायचा हक्क पोल्सन या खासगी कंपनीला, ज्यांचं लोणी फौजेला पण जायचं. मुंबईत दूध महाग आणि शेतकऱ्याच्या पदरात तुटपुंजा भाव, मग १९४६ ला तिथल्या लोकांनी १५ दिवस दूध घालायचंच बंद केलं आणि त्यातून डिसेंबर १९४६ ला जी सहकारी संस्था नोंदली गेली ती म्हणजे आपलं अमूल. तिथे पण बघा, एकेकाकडे दोन-चार म्हशी आणि थोडीशी शेती, पैसा फिरला तो दूध कोण गोळा करतं यावर.

बाहेरच्या देशात काय झालं ते पण थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचं लोणी, चीज, मांस ब्रिटन सरकार ठरलेल्या भावाने उचलत होतं, त्यामुळे जमिनीचे भाव भडकले, परतलेल्या सैनिकांना सरकारने कर्ज देऊन त्याच भावात जमिनी दिल्या, आणि १९२१ च्या सुमाराला ती खरेदी संपली तसे भाव कोसळले. कितीतरी जण शेत सोडून निघून गेले. मांगापुरुआ नावाच्या खोऱ्यात तर सरकारने १९३६ ला काँक्रीटचा पूल बांधला तोवर बहुतेक वस्ती उठलेली, १९४२ ला उरलेल्यांना पण निघावं लागलं, पूल आजही जंगलात उभा आहे. ब्रिटनमधे दुसऱ्या महायुद्धात वेगळंच, कुरण नांगरून धान्य लावा म्हणून एकराला २ पौंड अनुदान, आणि नीट कसलं नाही तर जिल्ह्याची समिती जमीन ताब्यात घेऊ शकत होती.

आपल्याकडे हे सगळं कुळकायद्याने बदललं. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, त्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घ्यायला बंदी केली, आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं मालक मानली गेली. मुंबईत बसून ठाण्यात जमीन ठेवणाऱ्याच्या हातून ती बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच गेली, पुढे १९६१ ला सीलिंगचा, म्हणजे एकाने किती जमीन ठेवायची याच्या मर्यादेचा, कायदा आला तो वेगळाच. तबेल्यांसाठी १९४९ ला गोरेगावला आरे कॉलनी झाली, मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी जोर लावून उभी केली, हजारो म्हशी शहरातून तिकडे गेल्या आणि हिरव्या चाऱ्याची सोय तिथेच केली. एवढ्या मोठ्या शहराच्या दुधाची जमीन शेवटी सरकारलाच काढून द्यावी लागली.

आता भावाच्या सहा एकराचं. एजंटने जो सातबारा व्हॉट्सॅपवर पाठवला त्यात वरचं नाव आणि क्षेत्र तेवढं दिसतंय, खाली इतर हक्काचा रकाना फोटोत अर्धा कापलाय. तिथे कुळकायदा कलम ४३ चा शेरा असला तर ती कुळाला मिळालेली जमीन, विकायला निर्बंध आहेत, कलेक्टरची परवानगी लागू शकते. आदिवासी खातेदार असला तर त्याचे नियम आणखी वेगळे आणि कडक. आणि भावाकडे स्वतःचा शेतकरी असल्याचा पुरावा लागेल, आणि आजोबांच्या गुहागरच्या जमिनीची वाटणी अजून कागदावर झालेलीच नाही. मी त्याला सांगितलंय की म्हशींचं नंतर बघू, आधी रविवारी गावी फोन करून काकांकडून आठ-अ चा उतारा, म्हणजे कोणाच्या खात्यावर किती जमीन ते दाखवणारा कागद, मागव, आणि मुरबाडला तलाठ्याकडे जाऊन १९५७ पासूनचे सगळे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढ, त्या जमिनीवर तेव्हा गवत कोण कापत होतं ते त्यातच सापडेल.