'यहोवा' हे रूप आले कुठून

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात जळत्या झुडपापुढे मोशेने देवाचे नाव विचारले आणि 'मी आहे तो आहे' असे उत्तर आले, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याला जोडून येणारे नाव हिब्रूत चार व्यंजनांचे: योद, हे, वाव, हे (य-ह-व-ह). निर्गमाच्या आधाराने ते 'असणे' या धातूपासूनचे मानतात. मृत समुद्राच्या पूर्वेला सापडलेल्या मवाबी राजाच्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. नवव्या शतकात, हीच चार अक्षरे कोरलेली आहेत.

खरा गुंता उच्चाराचा. जुन्या हिब्रूत काना-मात्रा लिहीत नसत. पुढे ज्यूंमध्ये आदरापोटी हे नाव तोंडाने घेणेच थांबले. वाचताना त्याजागी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', म्हणू लागले. नवऱ्याचे नाव न घेता 'धनी' म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे वेगळे समजावावे लागले नसते. मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांच्या काही गुंडाळ्यांत तर सगळा मजकूर चौकोनी लिपीत आणि हे एवढे नाव जुन्या वळणाच्या अक्षरांत आहे.

इ.स. सहाव्या ते दहाव्या शतकांत पाठ जपणाऱ्या पंडितांनी स्वरचिन्हे घातली. मूळ अक्षरांना हात लावायचा नव्हता, म्हणून चार व्यंजने तशीच ठेवून त्यांना 'अदोनाय'चे स्वर दिले. त्यातला पहिला 'अ' योदखाली येताना हलका 'ए' झाला. मजकुरात शेजारी आधीच 'अदोनाय' असेल, तिथे मात्र 'एलोहीम', म्हणजे 'देव', या शब्दाचे स्वर दिसतात. एकाच नावाला दोन तऱ्हेचे स्वर, यावरूनच कळते की तो उच्चार नव्हता. काय वाचायचे याची ती खूण होती. मध्ययुगातल्या लॅटिन अभ्यासकांनी ती खूण अक्षरशः वाचली आणि 'येहोवा', म्हणजे आपला 'यहोवा', तयार झाला.

१५३० साली ते रूप छापील इंग्रजीत आले. बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात ते मोजक्या जागी राहिले, १९०१च्या अमेरिकी आवृत्तीत सर्वत्र आले आणि १९५२च्या सुधारणेत पुन्हा 'प्रभू' झाले. मूळ उच्चार 'याहवे'सारखा असावा, याकडे अभ्यासकांचा कल आहे. पण २००८मध्ये रोमहून, कॅथलिक चर्चकडून, सूचना निघाली की उपासनेत तोही म्हणू नये.

मराठीत बायबल वाचणाऱ्याला 'यहोवा' आणि 'परमेश्वर' दोन्ही भेटतात. आज 'परमेश्वर' अधिक रुळला आहे. वाचायला तो सोपा आहे, हे मान्य. पण निर्गम ३:१५मध्ये देव 'हेच माझे नाव' म्हणतो, तिथे नावाऐवजी पदवी ठेवली की वाक्याचा जीवच जातो. 'यहोवा'चे स्वर उसने असतील, व्यंजने तरी मूळची आहेत.

आणि नाव पुरते मुके झालेलेही नाही. 'हालेलूया'तला शेवटचा 'या' त्याचेच लघुरूप. एलियाहू या संदेष्ट्याच्या नावाचा अर्थ 'याहू माझा देव'. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत पोहे, खोबरे, गूळ कालवून मलिद्याचे ताट मांडतात आणि 'एलियाहू हन्नबी' (संदेष्टा एलियाहू) हे गाणे गातात. उच्चारायचे नाही म्हणून जपलेले ते नाव त्या गाण्यात दर वेळी ओठांवर येते.