गायरान, झुडपी जंगल आणि सौरऊर्जा (विदर्भ)

गायरान म्हणजे गावच्या ढोरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. वऱ्हाडात हिला सर्रास ई-क्लास म्हणतात, पूर्व विदर्भात मात्र चराईचा मोठा हिस्सा झुडपी जंगल म्हणून नोंदलेला आहे. आज सोलरचं पॅनल कुठं बसतं अन् कुठं अडतं हे या नोंदीवरूनच ठरतं, म्हणून ते आधी.

वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं अन् १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं, पण जमीनपद्धत मुंबई इलाख्यासारखी रयतवारीच राहिली (कास्तकार सारा थेट सरकारला भरायचा), त्यामुळं पडीत जमिनीचे वर्ग सरकारनंच पाडले. पूर्वेकडं मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. गावचं पडीत, झुडपं, तलाव मालगुजाराचे, अन् रयतेचा चराईचा, सरपणाचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये (गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदीत) लिहिलेला. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, अंमल १९५१ पासून, मग ही जमीन सरकारजमा होऊन निस्तार पत्रकात (गावाच्या चराई-सरपणाच्या वापराच्या नोंदीत) चढली अन् तिथं बरीचशी झुडपी जंगल म्हणून लागली.

आता हे जंगल का चराई यावर दोन मतं. एक मत म्हणतं की निस्तार पत्रकच मुळात गावाच्या वापरासाठी, तेव्हा झुडपी ही फक्त महसुली नोंद. दुसरं मत १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशावर उभं आहे, म्हणजे कागदावर जंगल लिहिलं तर ते जंगलच. पत्रकाचा हेतू पाहिला तर पहिलं मत जास्त पटतं, पण २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ही जमीन वनच धरली (सुमारे ८६,४०९ हेक्टर). १९९६ च्या आधी जिथं घरं, शाळा, कचेऱ्या झाल्या त्यांच्यासाठी वाट ठेवली आहे, पण नवा सोलर प्रकल्प आणायचा तर केंद्राची वन परवानगी लागते.

ई-क्लासला ती अट नाही, तिथं महसूल संहितेचं कलम २२-अ आडवं येतं, सार्वजनिक कामासाठी अन् दुसरी जमीन नसेल तरच गायरान देता येतं. शेतीपंपांना सोलरची वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, सुरुवातीच्या दोन प्रकल्पांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीचा. एका मेगावॅटला ४-५ एकर जागा जाते. कास्तकाराला पंपासाठी दिवसा लाइन मिळते हा फायदा खरा आहे, रात्री ओलिताला जायची जोखीम वाचते. पण कुंपण घातलं की ढोरांची नाल्यावर जायची वाट बंद होते, ही गोष्ट नकाशा काढतानाच पाहायला पाहिजे. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं जाते, म्हणून डोळा आधी गायरानावर जातो.

चांगल्या गायरानात मारवेल, पवन्या, कुंदा असतो. चराई जास्त झाली की मारवेल मागं पडते, कुसळ वाढते, शेवटी तरोटा अन् रानतुळस उरते, तरोट्याला ढोर तोंड लावत नाही. पाऊस पडल्या-पडल्या चराई बंद ठेवून गवताला बी धरू दिलं तर गायरान सुधारतं, पण हे सगळ्या गावानं पाळलं तरच. वर्ध्याच्या आर्वी-कारंजा पट्ट्यातली गवळाऊ गाय अशाच कुरणांवर टिकली.

गोबरगॅसचा हिशेब चराईशी जोडलेला आहे. साधारण २५ किलो शेणातून एक घनमीटर गॅस निघतो, दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण अन् तितकंच पाणी लागतं. ढोर दिवसभर बाहेर असलं तर हाती फक्त रात्रीचं गोठ्यातलं शेण येतं, बाकी गायरानातच पडतं (तिथं ते खतच होतं, वाया जात नाही). म्हणून दोन-तीन ढोरांच्या घरी संयंत्र अर्धपोटी चालतं अन् उन्हाळ्यात पाण्यावाचून बंद पडतं.

मग सरपण म्हणून पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) अन् तुराट्या चुलीत जातात. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी वेळेत उपटली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो, अन् तिचा भुगा दाबून केलेल्या कांड्या कारखान्याच्या बॉयलरला चालतात.